सूर्यफुलाच्या दाराची डाकीण

दि. ७ नोव्हेंबर २०२५
(मुक्काम कुठं, ते पुढं येईल.)

मित्रा संघर्ष,
रवीचा सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. तू तर बराच असशील, नसायले तुले झालं काय. वडनेरले गेला तर माझ्या मायले सांग, पोरगा दोन टाइम जेवतो.

फोन केला नाही. फोनवर तू "बोल बे लवकर, मंजुश्री थांबून राह्यली" म्हणतो, अन् मग मी भलतंच बोलून ठेवून देतो. शिवाय हे कागदावरच पाहिजे. तुले ते लोकांपुढं धरावं लागेल.

धाडच्या बाजारात यंदा मच्छरदाण्या चांगल्या गेल्या. एका म्हातारबानं जाळी ताणून पाह्यली अन् विचारलं, "हिच्यातून हडळ घुसते का बे?" म्हटलं, "बाबा, मच्छराचं मी सांगतो, हडळीची गॅरंटी कंपनी देत नाई." सारे हसले. तू असता तर तिथंच वहीत लिहिलं असतं. आता तुझी वही दुसऱ्याच्या पिशवीत राहते म्हणा. बाजूले एक जण बैलाच्या शिंगाचा रंग विकत होता, पोळा होऊन अडीच महिने झाले तरी. मी त्याच्यापाशी अर्धा तास बसलो. त्याचं म्हणणं, लाल रंगात... जाऊ दे. मी कुठूनही कुठं जातो, तुले माहीत आहे.

मुद्द्याचं लिहितो.

नांदुऱ्याच्या टपरीवर आपण तुझ्या पुस्तकासाठी वहीच्या मधल्या पानावर भुताखेतांचा नकाशा काढला होता, आठवते? बाजार माझे, वही तुझी. मी जाळ्या विकता विकता लोकांले बोलतं करायचो, तू मागं बसून लिहायचा. सातपुड्याच्या पायथ्याशी डाकीण. जित्तीजागती बाई, नुसत्या नजरेनं रक्त ओढणारी, म्हशीच्या आचळातून लाल धार काढणारी. आपल्याकडं लावसट, बाळंतपणात मेलेली. म्हणून तर बाळंतिणीच्या खाटेखाली विळा ठेवतात. घाटावर बुलढाण्याकडं उलट्या पायाची हडळ, झोपलेल्याच्या अंगठ्यातून पिणारी. अन् धाडच्या खाली तर ती बिचारी रक्तही मागत नाही, चुना मागते अन् चालती होते. चार गावं गेली की भाजीची चव बदलते, तशी ती बदलते. तेव्हा मी म्हटलं होतं, "पूर्णेपलीकडं जित्ती, अलीकडं मेलेली. नदी ओलांडली की मरते बे ते!" तू एवढा हसला की नकाशावर चहा सांडला. म्हटला, "रव्या, हे पुस्तकात तुया नावानं टाकू."

माझं नाव शाळेच्या हजेरीपुस्तकाशिवाय कुठं छापून आलं नव्हतं, अन् तिथूनही नववीत कटलं. ते वाक्य मी वर्षभर खिशात घेऊन हिंडलो.

मग मंजुश्री आली. तुझ्या कॉलेजची, तुझ्याच विषयाची, शुद्ध बोलणारी. तुझ्या गाडीचं मागचं सीट तिचं झालं अन् मी जाळ्यांच्या गठ्ठ्यासंगं एसटीनं येऊ लागलो. तुम्ही गावात पोचायचे, मी पोचेपर्यंत तुमचा चहा झालेला राहायचा. कप मोजले आहेत मी. दोनच.

बुलढाण्याच्या कार्यक्रमात ती स्टेजवर बोलली, "पूर्णा ओलांडली की डाकीण मरते." माझंच वाक्य. टाळ्या पडून राह्यल्या अन् तू मले खुणावलं: रवी, गाडी जरा बाजूले घे, पाहुण्यायची जीप अडली. मी उठलो, गाडी बाजूले घेतली अन् तसाच स्टँडवर गेलो. तिथं एका माणसाजवळ पिंजऱ्यात तितर होते. ते पाहत बसलो. डोकं थंड झालंच नाही.

आठ दिवसांनी ती धाडले भेटली, एकटीच. "रवीभाऊ, या भागातली एखादी नवी गोष्ट आहे का?"

मी म्हटलं, "आहे ना."

अन् संघर्ष, मी रचली. म्हटलं, या गावात जित्ती डाकीण आहे. तिच्या हातचं ताक प्यायलं की बाईमाणूस पिवळं पडत जातं. मंजुश्री म्हणे, नक्की कुठं? खोट्याले एक खरा खिळा लागतो. माझ्यापाशी एकच होता: कडूनिंबाखालचं घर, तेलाचे डबे ठोकून केलेलं दार, त्याच्यावर कंपनीचं सूर्यफूल.

ते सरस्वतीबाईचं घर. नवरा नाही, मूल नाही, एक म्हैस. दोन वर्षं झाले, माझा जाळ्यांचा गठ्ठा तिच्याच ओसरीत राहते. मी आलो की भाकर टाकते, वरून म्हणते, "खाय रे भटक्या, दातं हायेत तोवर."

माझं गणित वेगळं होतं. मले वाटलं, मंजुश्री तुले हे सांगेल अन् तू हसशील. म्हणशील, मॅडम, डाकीण पूर्णेपलीकडची, धाडले ते येईनच कशी? रव्यानं फसवलं तुमाले. मग तुले आठवेल नकाशा कोणासंगं काढला होता. एवढंच पाहिजे होतं. तू पकडायले पाहिजे होतं, संघर्ष. तो नकाशा आपला होता. पण तुझं लक्ष वहीत नव्हतंच, वही धरणारीकडं होतं.

तिनं रस्त्यावरून दाराचा व्हिडिओ काढला. नाव नाही, गाव नाही, नुसतं सूर्यफूल अन् तिचा आवाज. तू त्याच्याखाली लाईकचा अंगठा दिला. इथं धाडले प्रत्येक फोनात ते दार पोचलं, अन् दार कोणाचं हे इथं कोणाले सांगावं लागते का?

परवा पुष्पाबाईची नवी सून राखी कपाशीत चक्कर येऊन पडली. नर्सनं सांगितलं, रक्त कमी आहे, बुलढाण्याले नेऊन तपासा. नेलं नाही. पुष्पाबाई सरस्वतीबाईच्या दारात येऊन ओरडली, "मायी सून दोन महिने तुयं ताक पेली वं! काय घेतलं तिचं?" सरस्वतीबाईनं आपला वाळका हात पुढं केला. "पाय वं नीट. मी लोकायचं रक्त पेत असती त अशी काडी राह्यली असती का?" कोणी हसलं नाही. आता ताक कोणी नेत नाही, नळावर बाया बाजूले सरतात, अन् काल सूर्यफुलावर कोणी तरी शेण फासलं. रविवारी गावाची बैठक आहे. तिले गावात ठेवायचं का नाही, ते ठरणार.

मी पारावर जाऊन साऱ्यांदेखत सांगतलं, गोष्ट मी रचली, लबाड मी आहे. अर्जुनराव म्हणून मोठे शेतकरी आहेत, बैठक तेच बोलावतात. म्हणे, "दोन वर्षं तिचीच भाकर खाल्ली ना बे तू? तुले त वळवलंच हाये तिनं." माझं खरं बोलणंच तिच्या जादूचा पुरावा झालं.

इथले जुने लोक हडळ सांगायचे तेव्हा कोणाच्या घरी कोणी जात नव्हतं. मेलेलीले कोण काय करणार? मी जित्ती आणून ठेवली.

अन् आणखी एक. काल मी तुमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पहिल्यांदा पूर्ण पाह्यला. टाळ्यांनंतर मंजुश्री म्हणते, "हे वाक्य माझं नाही. आमच्या रवीभाऊंचं आहे. रवीभाऊ, जरा उभे राहा." कॅमेरा खुर्च्यांवरून फिरतो. माझी खुर्ची रिकामी. मी तेव्हा तुझी गाडी ढकलून राह्यलो होतो.

हे पाहूनही माझी जळजळ गेली नाही, खोटं काऊन लिहू. उलट वाढली. ती चांगलीही निघाली.

आज सकाळी सरस्वतीबाईले सांगून टाकलं. ती दारावरचं शेण खरवडत होती. थांबली नाही. खरवडता खरवडताच म्हणे, "मले वाटलंच होतं, एवढं सूर्यफुलाचं ध्यान कोन ठेवते." मी म्हटलं, माय, काय करू? ती म्हणे, "तुले तुयं नाव छापून पाह्यजे होतं ना? मंग छाप म्हना त्याहिले. मायं दार पुसून तिथं तुयं नाव."

म्हणून हे पत्र, आजच एसटीच्या कंडक्टरच्या हाती देऊन राह्यलो. रविवारच्या आत दोघंही या. व्हिडिओ आधी उतरवा. मंजुश्रीले म्हणा, व्हिडिओ काढला त्याच जागी, या दारापुढं उभं राहून हे पत्र वाच. तुमच्या तोंडचं लोक ऐकतात, माझ्या नाही. राखीले संगं घेऊन जा अन् तिचं रक्त तपासा. पुस्तकात नकाशा छापाल तेव्हा धाडपाशी डाकीण दाखवू नका. तिथं माझं नाव लिहा, पूर्ण.

येताना मंजुश्रीले तुझ्याच गाडीवर बसवून आण. मी आणायले येणार नाही. तुम्ही येईपर्यंत मी या दारातून हलत नाही. हे पहिलंच गाव, जिथून मी निघून गेलो नाही.

या गोष्टीचा एकटा कर्ता,
रवी सहदेव वानखडे
मु. पो. वडनेर भोलजी
(स्पेलिंग तपासून छाप.)