मधल्या पत्र्यावरचे तीन ठोके

तीर्थरूप मामांस गुडघे टेकून नमस्कार. (खरोखरच टेकले आहेत. इथल्या रखवालदाराच्या खोलीत टेबल नाही, म्हणून स्टुलावर कागद ठेवून जमिनीवरून लिहितो आहे. अक्षर त्यामुळे थोडं चढावर गेलं आहे.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी तुमच्याशी पुन्हा बोलायला लागली असेल अशी आशा आहे, आणि लागली नसेल तर तेवढाच तुम्हाला आराम मिळत असेल. (हे वाक्य तिला वाचून दाखवू नये.) आई ठीक आहे असं आई म्हणते. मीही ठीक आहे असं मीच म्हणतो, दुसरं कुणी म्हणायला सध्या जवळ नाही.

पत्राचं कारण तुम्हाला माहीत आहेच. गोदामाच्या फाटकावर बसण्याच्या कामाबद्दल तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी हो म्हणालो, मग नाही म्हणालो, मग आई काय म्हणते ते विचारलं, आणि तुम्ही वैतागून म्हणालात, "तुझं काय ते लेखी कळव, म्हणजे तुला फिरता येणार नाही." तर लेखी कळवतो की मी येतो. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली नसेल तर माझ्यासाठी ठेवावी. निर्णय शांत डोक्याने घेतला आहे. नुसतं एवढंच लिहून थांबलो तर तुम्ही म्हणाल की याला काहीतरी झालं आहे, म्हणून काय झालं तेही लिहितो.

मला गाडीतून टाकलं आहे. किंवा विसरले आहेत. हा फरक मला सुचला नव्हता, तो रखवालदाराने दाखवला. मी फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होतो, तेव्हा त्याने खिडकीतून विचारलं, "काय रे, विसरून गेले की टाकून गेले?" तेव्हापासून मी हाच विचार करतो आहे. विसरले असतील तर ते परत येतील, पण ज्याला विसरता येतं अशा माणसाची किंमत ती काय. टाकलं असेल तर निदान मी त्यांच्या ध्यानात होतो, पण मग ते परत येणार नाहीत. दोन्हींतलं कुठलं बरं हे माझं अजून ठरलेलं नाही.

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे, पण राहणीबद्दल तुम्ही कधी नीट ऐकून घेतलं नाहीत, (फोन लगेच मामीकडे देता) म्हणून थोडक्यात सांगतो. आम्ही तिघे आणि दोन कुत्री एका बंद गाडीत राहतो आणि गावोगाव इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुतो. गाडी चालवतो तो भोंगा. इंजिनाशेजारी बसून बसून त्याचे कान गेले आहेत, त्यामुळे तो स्वतः ओरडून बोलतो आणि आपण ओरडलो तर "काय?" म्हणतो. त्याच्याशेजारी पुढे बसतो तो पाना, आमचा प्लंबर. तो मागे बसला की त्याला उलटी होते. मागच्या डब्यात पंप, पाइप, खराटे, तीन गाद्या, शेगडी, मी आणि कुत्री. टाकीत उतरायचं काम माझं, कारण झाकणाच्या भोकातून मीच काय तो जातो. आत गाळ खरवडताना मी जे पुटपुटतो ते टाकी मलाच परत ऐकवते, तेही मोठ्या आवाजात. शंकेखोर माणसाने हे काम करू नये असं माझं मत झालं आहे.

कुत्र्यांपैकी धाकटीचं नाव तोटी. आनंद झाला की ती गळते. आनंद तिला कुणालाही बघून होतो, आज सकाळी या रखवालदाराच्या बुटावरही झाला. मोठ्याचं नाव वायसर. तो आडदांड आहे, शेपूट मनगटाएवढी, आणि त्याला मी आवडत नाही. मी डब्यात शिरलो की तो माझ्याकडे पाठ करून माझ्याच गादीवर झोपतो. माझ्यासाठी त्याने शेपूट हलवलेली मी कधी पाहिली नाही. पानाच्या बुटांसाठी हलवतो, तेही पाना त्यांत नसताना.

आता ठोक्यांचं. केबिन आणि डबा यांच्यामध्ये एक पत्रा आहे आणि तो बरोबर भोंग्याच्या पाठीला लागतो. मी येण्याआधी गाडी निघताना आरडाओरडा व्हायचा, भोंग्याला तो ऐकू जायचा नाही आणि पानाचा एक पाय रस्त्यावर असतानाच गाडी निघायची. म्हणून मी पद्धत घातली की मागचा माणूस चढला, दार लावलं, की त्याने पत्र्यावर तीन ठोके द्यायचे. भोंग्याला ते कानाने नाही, पाठीने कळतात. तीन ठोक्यांशिवाय गाडी हलवायची नाही, ही त्याने घेतलेली शपथ आहे. (शपथ मी घ्यायला लावली. तो चहा पीत होता, पण मान हलवली.)

माझ्यात एक खोड आहे, ती आईने तुम्हाला सांगितली असेलच. टाकीचं झाकण लावून खाली आलो की मला वाटतं ते लागलं नाही. मग परत वर जातो. काल तर अर्ध्या वाटेतून गाडी मागे फिरवायला लावली. झाकण लागलेलं होतं. पाना म्हणाला, "एक दिवस तुला त्या झाकणावरच बसवून आम्ही पुढे जाणार." भोंगा हसला, आणि तो हसला म्हणजे त्याला ते ऐकू गेलं होतं. रात्री त्यांच्याकडे पाठ करून जेवलो. मी भाताचं पातेलं दोनदा घासलं.

आज इथल्या वसतिगृहाची टाकी झाली, सामान भरलं, दोघे पुढे बसले, मी मागे चढलो. आणि हात ठोक्यासाठी उचलला तेव्हाच वाटलं, झाकण. सांगितलं असतं तर पाना बोलला असता. म्हणून न सांगताच उतरलो, दार लोटलं आणि इमारतीबाहेरच्या लोखंडी शिडीने चढायला लागलो. अर्ध्यावर मागे वळून पाहिलं तर मागच्या दाराच्या जाळीतून वायसर माझ्याकडे बघत होता. लगेच येतो, असा मी त्याला हात केला. तर मामा, तो उठला, मधल्या पत्र्याकडे बूड करून उभा राहिला, आणि त्याची शेपूट जोरात हलायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी जातो आहे हे बघून. आणि लगेच गाडी सुरू होऊन निघाली. मी शिडीवरून ओरडत राहिलो, जाळीतलं तोंड लहान लहान होत गेलं, शेपूट मात्र थांबली नाही.

आता तुम्हीच विचार करा. ठोक्यांशिवाय भोंगा गाडी हलवत नाही. मागे मी एकटाच बसतो. मी ठोके दिले नाहीत. तेव्हा ठोक्यांची वाट न बघताच ते निघाले, आणि ते फक्त मुद्दामच होऊ शकतं. हे गणित मी रखवालदाराला समजावलं. तो म्हणाला, "तू शाळा का सोडलीस?" (त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.)

फोनचं म्हणाल तर माझा डब्यात खुंटीला टांगलेला आहे. बाकी दोघांचे नंबर पाठ नाहीत. ज्यांचे पाय झोपेत आपल्या तोंडाला लागतात त्यांना फोन कशाला करायचा, म्हणून कधी गरज पडली नाही. रखवालदाराच्या फोनवरून मी माझ्याच फोनला पुन्हा पुन्हा फोन केला. प्रत्येक वेळी वाजला, कुणी उचलला नाही. शेवटी रखवालदाराने "तू घरी नाहीयेस वाटतं" असं म्हणून फोन काढून घेतला. ऐकू येत असून उचलत नसतील, तर मग काही उरलंच नाही.

म्हणून मामा, गोदाम. फाटकावरून माल निघून जातो आणि माणूस तिथेच राहतो, हे मला आता पटलेलं आहे. त्या खुर्चीला चाकं असतील तर काढून ठेवावीत.

तुमचा आज्ञाधारक भाचा.

ता. क. पाकीट रखवालदाराकडून घेत होतो तेवढ्यात गाडी परत आली. परत आली आणि परत गेली, तेही लिहितो. भोंगा जागेवरच बसून होता, इंजिन चालू. पाना उतरला, सरळ मागचं दार उघडायला गेला. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. दार उघडलं, वायसरने मला पाहिलं, आणि त्याची शेपूट मधल्या पत्र्यावर आपटली. धाड, धाड, धाड. गाडी निघाली. उघड्या दारातून शेगडीवरचं झाकण रस्त्यावर पडलं. मी आणि पाना त्या झाकणाकडे बघत उभे राहिलो. पाना म्हणाला, "आता मलाही टाकलं." आणि खाली बसून इतका हसला की तोटी असती तर गळली असती.

ता. क. पुन्हा. शेजारची जागा रिकामी दिसली तेव्हा भोंगा परत आला. त्याला शेपटीचं पटवायला वेळ लागला, कारण तो "ठोके दिले म्हणून गेलो" एवढंच ओरडत होता. त्यांचा प्रवास असा झाला. निघताना ठोके आले, म्हणून निघाले. मी कालचा राग धरून आत बसलोय असं त्यांना वाटलं, म्हणून हाक मारली नाही. पुढे पानाने चहासाठी गाडी थांबवली (माझी समजूत काढायची म्हणून, असं तो म्हणतो) तर उतरायच्या आतच ठोके आले. भोंगा म्हणाला, "चहा नको म्हणतोय, लई तापलाय," आणि निघाला. असं दर थांब्याला झालं. मामा, तो माझा फोन होता. मी इथून फोन लावायचो, तिकडे खुंटीवर वाजायचा, मी आलो असं वाटून वायसर उठायचा, आणि गाडी आणखी दूर जायची. त्यांना मी स्वतः हाकलत होतो. रखवालदाराने फोन काढून घेतला तेव्हा कुठे त्यांना चहा मिळाला, आणि पाना माझा पेला घेऊन मागे आला तर आत दोनच कुत्री.

मी पानाला म्हटलं, पण हा माझ्यासाठी कधी शेपूट हलवत नाही. पाना म्हणाला, "अरे, तू टाकीत असलास की हा आत सारखा वाजवत असतो. आम्हाला वाटायचं पिसवा झाल्या. तू आलास की गप झोपतो. तुला कसं दिसणार?" मग त्याने मला पत्रा दाखवला. वायसरच्या शेपटीच्या उंचीला पोचा पडला आहे. माझ्या गादीला लागूनच आहे, पण मी रोज पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून झोपतो, त्यामुळे पाहिला नव्हता.

ता. क. तेव्हा मामा, वर जे "येतो" लिहिलं आहे ते वाचू नये. पहिलं पान फाडणार होतो, पण त्याच्या पाठीवर हे ता. क. आले आहेत. खुर्ची द्यायची त्याला द्यावी. हे लेखी आहे आणि शांत डोक्याने लिहिलं आहे. (मागचंही तसंच लिहिलं होतं, हे मान्य आहे.)

खरी विनंती पुढेच आहे. आईला हे तुम्ही सांगा. मी फोन केला तर ती "बरं, तुला वाटेल तसं" म्हणेल आणि मी लगेच हो म्हणून गोदामात येऊन बसेन. तिला सांगताना टाकल्याचा भाग गाळावा, विसरल्याचाही गाळावा. कुत्र्याचा ठेवावा.

ता. क. शेवटचं. या सगळ्यात झाकण बघायचं राहूनच गेलं होतं. गाडीत चढता चढता आठवलं. या वेळी पानाला सांगितलं. तो नुसता म्हणाला, "जा, ये बघून." भोंगा उतरला आणि चाव्या खिशात घालून रस्त्यावर उभा राहिला, माझी वाट बघत. हे मी टाकीशेजारी बसून लिहितो आहे. झाकण लागलेलं आहे. आता लिहिताना वाटतं की नीट ओढून पाहिलं नाही, पण खाली पत्र्यावर ठोके सुरू झाले आहेत आणि थांबत नाहीत, तेव्हा उतरतो.