बॉनेटची कड

राहुरी, २ फेब्रुवारी २०२५

ती. अक्काच्या चरणी धाकट्या भीमराजचा सविनय जयभीम, वि. वि.

फोन उचलत न्हाई म्हणून रागावलीस. पण अक्का, बत्तीस वर्षं कारखान्यात उसाच्या मिलपाशी काढली, आता फोनमध्ये तू बोलतीस का नुसती घरघर हाय तेच कळत न्हाई. तवा आपला कागदच बरा.

आमच्या योगेशला मोटारसायकलवरून पडून आठ महिने झाले. कमरेखाली काही हालत न्हाई, आणि दिवाळीपासनं त्यानं बोलणंच टाकलंय. डॉक्टर म्हणतात गळा ठीक हाय, मन उठलंय. त्याच्या आईनं, मुक्तानं, काही विचारलं की मान हलवतो, तेवढंच. पण परवा नवल झालं. त्याची मरून रंगाची चारचाकी लिंबाखाली उभी राहून पार फिकी पडलीय. नगरच्या गॅरेजात त्यानं जगाच्या गाड्या चमकवल्या, स्वतःची उद्यावर ठेवली. मी आपला फडक्यानं पॉलिश चोळत हुतो. खिडकीतून बघून तो आईला म्हणाला की फडक्यानं रेघा पडतील, आबांना माझं पॉलिशचं मशीन काढायला सांग. अक्का, अख्खं वाक्य. मुक्ता पिठाच्या हातानं पळत सांगायला आली.

आता त्याची खाट खिडकीशी लावलीय. तो सांगणार, मी मशीन फिरवणार. गाडी चमको न चमको, पोरगं बोलतं राहिलं पायजे, एवढंच मागणं हाय.

उत्तराला उशीर करू नको. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा भीमराज

खर्डा, १० फेब्रुवारी

चि. भीमराजास अक्काचे अ. उ. आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र दोनदा वाचलं, मग शेजारणीलाही वाचून दाखवलं. घड्याळाला चावी दे म्हणलं तर स्प्रिंग तोडून बसणारा तू, आणि तुझ्या हातात मशीन. पण बरं केलंस. तीस वर्षं अंगणवाडी सांभाळली, रुसलेलं पोर कामाला लावलं की आपसूक बोलतं. त्याला मास्तर कर, तू पहिलीत बस.

एक ऐक. कानातलं यंत्र लावूनच मशीन धरत जा. ते खिशात घालून हिंडतोस, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि मुक्ताला जवळ उभी ठेव.

चौदा एप्रिलला मी येते. त्याच गाडीत योगेशला मधे बसवून मिरवणूक बघायची, असं त्याला सांग. येताना बाजरीच्या खारोड्या आणते, त्याला लई आवडतात.

भांडलास तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझी अक्का, चांगुणा

राहुरी, ४ मार्च

ती. अक्कास भीमराजचा जयभीम, वि. वि.

हात चालत न्हाई, तरी लिहितो.

पंधरा दिवस लई चांगले गेले. रोज सकाळी एकेक भाग. गाडी धुऊन सावलीत गार होऊ द्यायची, पॉलिशचे चार ठिपके द्यायचे, मशीनचं पॅड सपाट धरायचं, एका जागी थांबायचं न्हाई, असं त्यानं शिकवलं. दारं झाली, वरचा टप झाला. दारात मला माझी टोपी दिसायला लागली. मला पोक आलंय म्हणून एकदा हसला पण. तुझ्या मिरवणुकीला हो म्हणाला.

मग बॉनेट आलं. कडेला रंग पातळ असतो, तिथं कान द्या, म्हणाला. पॉलिश सुकलं की मशीनचा आवाज बदलतो, तसं लगेच उचला. मी मान डोलावली. अक्का, तो आवाज मला ऐकूच येत न्हाई. मशीन सुरू केलं की यंत्र कानात शिट्टी मारतं, म्हणून पहिल्या दिवसापासनं काढून खिशातच ठेवत हुतो. मुक्ता शेजारी उभी राहून हातानं खूण करायची, की मी उचलायचो. पोरगं एवढं बोलतंय, त्यात कुठं सांगू की मला ऐकू येत न्हाई, असं वाटलं.

काल नळ आला म्हणून मुक्ता पाण्याला गेली. तेवढ्यात एक कड उरकू म्हणून मी मशीन लावलं. जळका वास आला तवा थांबलो. तळहाताएवढा रंग उडून पत्रा उघडा पडला हुता.

वर बघतो तर खिडकीत योगेश न्हाई. मागनं बायांनी सांगितलं, खिडकीचे गज धरून त्यानं स्वतःला वर ओढलं हुतं, आबा उचला, आबा उचला म्हणून ओरडत हुता. नळावरच्या बाया हंडे टाकून पळत आल्या. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी पाच हातांवर पाठमोरा, मला न्हाई ऐकू आलं. हात सुटून तो खाटेवरनं खाली पडला, तवाही मी मशीन फिरवतच हुतो.

लागलं न्हाई कुठं. पण तवापासनं भिंतीकडं तोंड करून पडलाय. मानही हलवत न्हाई.

तू सांगितलं हुतंस. मला शिव्या दे, पण पत्र धाड.

भीमराज

खर्डा, १२ मार्च

चि. भीमराजास आशीर्वाद.

शिव्या देऊन काय होणार. रंग परत लावता येतो. योगेशजवळ बस आणि यंत्राचं खरं खरं सांग. पोरं बहिरेपणावर रुसत न्हाईत, लपवाछपवीवर रुसतात. धीर सोडू नको. मी येतेच हाय.

तुझी अक्का

राहुरी, २९ मार्च

ती. अक्कास जयभीम, वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणं केलं. यंत्र त्याच्या उशाशी ठेवून सगळं कबूल केलं. त्यानं डोळे मिटून घेतले. त्याच्या गॅरेजातला गोरक्ष येऊन बॉनेटला रंग देऊन गेला. डाग शोधून सापडणार न्हाई, म्हणाला. आम्ही योगेशला दोन्हीकडून धरून खिडकीकडं वळवलं. सोडलं तसा तो परत भिंतीकडं वळला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, पण आशा लावून बसू नका म्हणाले.

चौदा तारखेला ये, पण गाडीत बसायचं मनात धरून येऊ नको. खारोड्या मुक्तासाठी आण.

मशीन पेटीत घालून माळ्यावर टाकलं. यंत्र आता दिवसभर कानातच असतं. मी खिडकीबाहेर गाडीला टेकून त्याच्या पाठीकडं बघत बसतो. अक्का, आता सगळं ऐकू येतं. लिंबावरची साळुंकी, भांड्यावरचं झाकण, मुक्ता पदर तोंडात धरून रडते ते पण. नुसतं आबा म्हणून कुणी हाक मारत न्हाई.

तू तरी लिहीत जा.

तुझा भीमराज