निवळीच्या चढावरचा आवाज

बाबा, गॅरेजात आता विहिरीचं पाणी वापरत नाही. मिथेनॉलमध्ये मिसळायला बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणते, कॅनमधलं. तुम्हाला आवडणार नाही, म्हणूनच आधी सांगते. शर्यतीच्या गाडीची ताकद वाढवायला इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं की पेट्रोल वेळेआधी पेट घेतं आणि इंजिनात खडे आपटल्यासारखा आवाज येतो. त्यावर हवेच्या वाटेत नोझल बसवून मिथेनॉल-पाण्याचा फवारा मारायचा, हे रत्नागिरीत कुणाला माहीत नव्हतं तेव्हापासून तुम्ही करत होतात. हुशार होतात, वाद नाही. माणूस म्हणून वाईट होतात.

तुमचे कान गेले होते हे फक्त मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकासमोर लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचात, डोळे मिटायचात आणि मग हळूच माझ्याकडे बघायचात. मी मान हलवली की तुम्ही ऐटीत "वाजतंय" म्हणायचात. शर्यतीची ती लाल गाडी आली होती, तेव्हा नोझलच्या तोंडाशी साचलेला तांबडा गाळ मी तुम्हाला दाखवला. म्हटलं, बॅटरीचं पाणी घालूया. गाडीचा मालक स्टुलावर चहा पीत बसला होता. तुम्ही हातातलं तेलकट फडकं माझ्या तोंडावर मारलंत. "माझ्या आज्यानं खणलीन ही विहीर. हिला त्यात गाळ दिसतो. नवऱ्यानं टाकलीन, ती आता मला शिकवतेय." मालक हसला. तुम्हीही हसलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल गाडीची चाचणी, निवळीचा चढ. तुम्ही चालवताय, मी शेजारी. अर्ध्या चढावर आवाज सुरू होतो, आधी बारीक, मग असा की पायाच्या तळव्यांनाही कळावा. नोझल तुंबलंय, फवारा जात नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून धरलाय. "वाजतंय काय गो?" मी खिडकीबाहेर बघत मोठ्याने सांगते. "नाही बाबा. दाबा अजून." पुढच्या वळणावर पिस्टनला भोक पडलं आणि मागे निळा धूर पसरला. मालकाने गॅरेजच्या दारात चार माणसांदेखत विचारलं, "बहिरा झालास काय रे म्हाताऱ्या?" तुम्ही खाली बघत राहिलात. मला त्या वेळी फार बरं वाटलं. त्यानंतर स्क्रूड्रायव्हर तुम्ही कधी कानाला लावला नाहीत, आणि तुम्ही होतात तोवर शर्यतीच्या गाड्याही आपल्याकडे आल्या नाहीत.

शेवटच्या आजारात तुम्ही माझं मनगट धरून विचारलंत, "त्या दिवशी वाजत होतं काय गो?" एवढं एकच तुम्हाला जाण्याआधी हवं होतं. मी तुमच्या कानाशी तोंड नेलं आणि ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "नव्हतं. तुमचाच हात चुकला." तुम्ही मान हलवलीत. खरं वाटलं तुम्हाला.

पश्चात्ताप झालाय असं लिहायला बसले होते. झालेला नाही. हे पत्र त्या तुंबलेल्या नोझलबरोबर खणात ठेवून देईन. ते नोझल मी टाकलेलं नाही. पण एक सांगते, हल्ली मलाही उजव्या कानाने कमी ऐकू येतं. कुणाला बोलले नाही. गॅरेजात काम शिकायला येणारी एक मुलगी आहे, चढावर शेजारी बसलेल्या तिला विचारते, "वाजतंय काय गो?" ती नाही म्हणते, आणि मी लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेते.