जीपच्या दारावरचा चिकटा

५ मे, सोमवार

संघपाल बोलला. सोळा वर्षांनी, फोनवर, दीड मिनिट.

या जीपमधून आम्ही दोघांनी गावोगाव पुस्तकं फिरवली. दारावर 'फिरते वाचनालय' त्यानेच रंगवलं होतं. २००९ साली मी त्यावर निळा रंग मारला आणि पक्षाच्या नावाचं रेडियम चिकटवलं. तो खाली उतरला तो उतरलाच.

आता वाचनालय पुन्हा सुरू करू म्हणतो. "पण अट एकच. रविवारी मी येईन तवा गाडीवर पक्षाचं नाव दिसलं नाही पाहिजे. दिसलं तं तसाच वापस जाईन."

सहा दिवस. तीन पक्षांची तीन नावं. क्रांत्या याहून कमी वेळात झाल्या आहेत.

६ मे, मंगळवार

लकडगंजचे नत्थूजी मिस्त्री येऊन गेले. "थिनर लावान तं रंगही जाईन. दुपारी उन्हात उभी करा, रेडियम सोला. मंग चिकट्यावर डिझेल चोळा, दहा मिनिटं थांबा, प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा." गाडीवरून नजर माझ्याकडे वळवली. "गुरुजी, दहा मिनिटं चूप राहणं जमन ना?"

मी थोडक्यात उत्तर दिलं. त्यांचा चहा थंड झाला.

७ मे

रेडियम सोललं. नखाएवढे तुकडे. मानेवर उन्हाचे फोड.

८ मे, गुरुवार

पट्टी मिळेना. शेवटी सभासदत्वाची कार्डं काढली — हक्क मंच, नवपहाट आघाडी, उठाव दल. लॅमिनेशन केलेली, कडा मजबूत. रुख्मिणी पायरीवर तूर निवडत होती. म्हणाली, "पह्यल्यांदा कामी येऊन राह्यली."

बायकोला राजकारण कळत नाही असं म्हणणारे मूर्ख असतात. पण मी पक्ष बदलला हा आरोप मला मान्य नाही. मी जागीच उभा होतो, पक्ष सरकत गेले. याच मुद्द्यावर नंदनवन वस्तीतल्या सभेत पन्नास मिनिटं बोललो होतो. टाळ्या पडल्या होत्या. कोणत्या पक्षाची सभा होती ते आठवत नाही.

९ मे, शुक्रवार

नवपहाट आघाडीत मी आठ महिने टिकलो. तिचा चिकटा बॉनेटवर बारा वर्षं टिकला. काळा, तारेसारखा ताणला जातो, त्यात अडकलेली माशीसुद्धा सापडली. निष्ठा असावी तर अशी. दोन वेळा घाई केली, दोन वेळा तोच चिकटा बाहीला लागला. संध्याकाळी मात्र दहाची दहा मिनिटं गप्प बसलो. घरात कोणीतरी रेडिओ लावला — शांतता सहन झाली नसावी.

१० मे, शनिवार

चिकटा संपला. जीप धुतली, पुसली, चार पावलं मागे सरकून पाहिलं.

तिन्ही नावं तिथेच आहेत.

नागपूरच्या उन्हाने सगळा निळा रंग विटला, फक्त अक्षरांखालचा तेवढा ताजा राहिला. फाटकापासून वाचता येतात. आधी एवढी ठळक नव्हती.

तेवढ्यात दुर्गेश आला. एका नव्या, चौथ्याच पक्षाचा वॉर्डप्रमुख. "सर, टेन्शन काहून घेता? पूर्ण गाडीले आपल्या पक्षाचं मोठं स्टिकर मारून देतो, जुनं सारं झाकून जाईन. वर फोटो तुमचाच. उद्या सकाळीच पोरं पाठवतो."

विचार करतो म्हटलं.

तो गेल्यावर बॉनेटची लांबी-रुंदी मोजली. लाज वाटली. मग दाराची मोजली.

रात्री दुर्गेशला फोन करून नको म्हणालो. कारण विचारलं त्याने. मला, आयुष्यात प्रथमच, कारण देता आलं नाही.

११ मे, रविवार

संघपाल आला. केस पांढरे झालेत. जीपभोवती एक फेरी मारली, तिन्ही नावं हजेरी घेतल्यासारखी मोठ्याने वाचली. उन्हाबद्दलचं माझं स्पष्टीकरण तयार होतं, तीन मुद्द्यांत. "सरक," म्हणाला. मांडी घालून दारापाशी बसला, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि हक्क मंचाच्या बरोबर खाली 'फि' काढला.

"अन् ही नावं?" मी विचारलं.

"राहू दे गा. वाचनालय आहे ना? हेही वाचतीन लोक." ब्रश थांबला नाही. "भाषण करायचं नाही पण तू. पुस्तकावर शिक्का मारत बसायचं."

शिक्का कपाटात सापडला. शाई वाळली होती. थोडं पाणी टाकलं.