राणीच्या वेषातली नटी

३ मार्च
आले बाई एकदाची! नाट्यगृहाच्या मागची खोली, मोठी खिडकी, उजेडच उजेड. मॅनेजर म्हणाले, इथे गप्पा मारायला कुणी नाही. म्हटलं, मी भिंतीशीसुद्धा बोलते. जुनं चित्र पुसून साफ करायचं हे काम ताईने मिळवून दिलं. वर्ष झालं तिचा आवाज गेलाय, डॉक्टरांनी हात टेकले, तरी धाकटीची काळजी काही सुटत नाही. चित्र झकास आहे: जुन्या काळची नटी, राणीचा वेष, ओठ घट्ट मिटलेले. ताईचा मेसेज आलाय, रसायनं नकोत, थुंकीनेच पूस. आमच्या कामात हे चालतं. कापसाचा बोळा जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा.

५ मार्च
मुकुट लखलखला. गाणी म्हणत पुसते. घसा बसलाय, धुळीने असेल. ताईला कळवलं. तिचं उत्तर: थांबू नकोस, ओठ पुसून पूर्ण कर.

८ मार्च
ओठांवरचा मळ निघाला. ओठ मिटलेले नाहीत. दात दिसतात. पहिल्या दिवशी घट्ट मिटलेले होते, देवाशप्पथ!
झाडणारी मावशी माझा घोगरा आवाज ऐकून म्हणाली, तुझ्या ताईचंही गेल्या वर्षी असंच झालं होतं, याच खुर्चीत, हेच चित्र पुसताना.
ताई इथे होती? मला म्हणाली होती, चित्र कधी पाहिलंच नाही.

९ मार्च
ताईला विचारलं. तिने मेसेज वाचून फोन बंद केला. मावशी सांगते, गेल्या महिन्यात ताई पुन्हा आली होती. माझा फोटो चित्रासमोर धरून बराच वेळ उभी होती. मावशीला वाटलं, बहिणीचं कौतुक.
मला वेणी घालून शाळेत सोडणारी ताई. रडूसुद्धा आवाजाशिवाय येतंय.

११ मार्च
आवाज गेला. बॅग भरली. मागे गाणं — माझंच, पुसताना म्हणायचे ते. खोलीत मी एकटी. चित्रातल्या राणीचं तोंड उघडं —

फोन. ताई बोलली! स्वच्छ, पहिल्यासारखी. म्हणाली, माफ कर गं, तिला एक आवाज हवाच होता, माझा नाहीतर तुझा. मग रडली. म्हणाली, काहीतरी बोल, शिव्या तरी दे.
मी तोंड उघडलं. नुसती हवा.
भिंतीवरच्या चित्रातून उत्तर गेलं, माझ्या आवाजात, लाडात — असू दे गं ताई, मी रागावले नाही.
ताईला हायसं वाटलं. म्हणाली, माझी गुणाची बाई.
ताई, ती मी नाही. मी रागावलेय. ताई, मी तुला कधीच —