इंदिरेच्या वाटची भाजी

१८ जानेवारी १९५९
वही बाई, कालचं विसरलीस ना? कोरीच्या कोरी! तुझा काय दोष? मला अक्षर दिसत नाही, लिहिणारी माझी लेक भानू. शाळेत पोरींकडून पाढे घोकून घेते, आणि आईचे चार शब्द रात्रभर टिकत नाहीत. लिही गं, हेही लिही.

तर काल डॉक्टरीणबाई आल्या, यशोधराबाई. आमच्या छत्रीबाग वस्तीत घरोघर विचारतात — बायका काय खातात? मग दंडातून रक्त काढतात. म्हणे हिरव्या भाजीचा रंग रक्तात उतरतो, मशीनमध्ये दिसतो! मी म्हटलं, "पाला गुरांनी खावा. दात गेले तेव्हापासून दहा वर्षं मी शिवले नाही."

सून इंदिरा पदर सावरत उभी. दिवस भरत आलेले. तिचं उत्तर मीच दिलं — "ही सगळं खाते. दोन जुड्या आणाव्या तर ताटात चमचाभर. घरात दोन पायांची मांजर आहे!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. आम्हां दोघींचं रक्त घेऊन गेल्या.

२० जानेवारी
इंदिरा बाळंतपणाला देपालपूरला गेली. पाया पडली. मी म्हटलं, "जा, माहेरी तरी चोरून खावं लागणार नाही." थट्टाच केली. — मोटार सुटेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

२१ जानेवारी
आजचं वरण पांचट. भानूच्या हाताला चव नाही. हेही लिही.

१२ फेब्रुवारी
यशोधराबाई कागद घेऊन आल्या. "आजी, आप तो झूठी निकलीं! तुमच्या रक्तात भाजीच भाजी आहे."

म्हटलं, बाटली बदलली असेल.

"नाही. आणि इंदिराबाईंच्या रक्तात जवळजवळ काहीच नाही. पांढरं पडलंय. अशा दिवसांत हे बरं नाही."

चूल एक, रक्तं दोन घरांची!

भानू उठून आत निघाली. मी हात धरला. तेव्हा बोलली — "वहिनी भाजी पाट्यावर वाटून तुमच्या वरणात घालायच्या. स्वतःच्या वाटची पण. म्हणायच्या, आईसाहेबांना मोतीबिंदू आहे, हिरव्या मुगाचं समजून खातात."

"मग मी मांजर म्हटलं तेव्हा तू गप्प का?"

"शपथ घातली होती त्यांनी. कळलं असतं तर तुम्ही वरणही सोडलं असतं."

सोडलं असतं. मला ठाऊक आहे.

१३ फेब्रुवारी
जयसिंग, माझा मुलगा, डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन देपालपूरला निघाला. इंदिरेला निरोप द्यायचा होता. "चुकलं" एवढाच. ओठांपर्यंत आला. शेवटी जयसिंगला म्हटलं, "थंडी आहे, कानटोपी घाल."

१५ फेब्रुवारी
भानूनं वरणात पालक घातला. सांगून घातला. मी खाल्ला.

२२ फेब्रुवारी
देपालपूरहून विहीणबाईंचं पत्र. मुलगी झाली. इंदिरा फार अशक्त, उठवत नाही. पुढची ओळ भानूला दोनदा वाचायला लावली — "दूध, भाजी समोर ठेवतो, हात लावत नाही. म्हणते, आधी आईसाहेबांना विचारा, घेतलं तर चालेल का?"

भानू, पुस डोळे. सकाळच्या पहिल्या मोटारीनं हळिवाचे लाडू, शेरभर तूप आणि गूळ पाठव. डब्यावर जयसिंगचं नाव नको, इंदिरेचं घाल.