ताडपत्रीची इमारत

२२ नोव्हें. ८७
बस स्टँडमागच्या माझ्या प्लॉटवर अजून एक टोपलं माती निघालेली नाही. नवा नियम. स्टँडजवळ बांधायचं तर आधी धूर, सांडपाणी, झाडं यांची पाहणी. तिकडे शहराबाहेर बेशाच्या शेतात काहीही उभं करा, कोण विचारतं! जिथून माणसं पायी घरी जातील, तिथेच चौकशी.
पुतणी इंदू डोकावली. नर्स आहे, रोज कुहीहून बसनं येते-जाते. "काका, नव्या इमारतीतली खोली दिवाळीले देतो म्हणे. कोणत्या सालच्या?" हसलो. काय करणार.

२५ नोव्हें.
पाहणीचे साहेब आले. भर दुपारी. स्टँडवर गाडी एकच, तीही पंक्चर. साहेबांनी नाक वर केलं, लिहिलं: परिणाम नाही.
स्टँड आणि माझा प्लॉट यांच्या मधल्या गल्लीत सुलोचनाबाई राहते. धुणं झटकत ऐकत होती. "साहेब, सकाळी या. गाड्या गरम करून राहतात तवा. आता धूर भाऊच्या प्लॉटावरून निघून जाते. चार मजली उभी झाली का आमच्याच घरात बसन."
"बाई, अर्ज द्या."
जीप गेली. बाईचं बोलणं कानातून जात नाही.

२६ नोव्हें.
सकाळी गल्लीत उभा राहिलो. धूर आला, सरकला, प्लॉटावरून गेला. भिंत असती तर... सौ. म्हणते, "परमिशन येऊन राहिली, अन् तुम्ही धूर काहून पाहून राहिले?"

२९ नोव्हें.
प्लॉटच्या गल्लीकडच्या कडेला बांबू ठोकून ताडपत्र्या बांधल्या, दोन मजले उंच. इमारत नाही, तिची सावली म्हणा. रिक्षावाला: "सर्कस आली का गा?" सुलोचनाबाईनं जुनं पांढरं लुगडं गल्लीत वाळत घातलं. "हे माहं मशीन, भाऊ. परीक्षा घ्या."
दुपारी लुगडं राखेच्या रंगाचं. बाईनं ते काढलं, पुन्हा धुवायला टाकलं.

२ डिसें.
मधल्या ताडपत्र्या सोडल्या. लुगडं मळलं, पण पुष्कळ कमी. म्हणजे इमारतीच्या मधोमध धुराला वाट ठेवायची, खाली दोन दुकानं आणि वरच्या खोल्या गाळायच्या. त्यातच इंदूची. बाकीच्या खोल्यांचा शब्द दुसऱ्यांना देऊन बसलोय.
ऑफिसात विचारलं, नकाशा बदलला तर?
"मग पाहणी पहिल्यापासून, ठेकेदार. आहे तो मंजूर होतोय, घेऊन टाका ना!"
वा रे नियम. सुधारलं की पुन्हा रांगेत.

४ डिसें.
इंदूला सांगितलं. म्हणाली: "पाहा काका तुमचं. मी येईन बसनं. धूर बी बसचाच आहे म्हना." चहा तसाच ठेवून गेली.

५ डिसें.
सकाळीच मंजुरी घेऊन शिपाई दारात. जुन्याच, मधे वाट नसलेल्या नकाशावर सही करून एक प्रत त्याच्या हाती द्यायची. व्हरांड्यात बसवलाय, दुसरा चहा सुरू. सौ. आतून दोनदा खाकरली. पेन उघडलं, मिटलं. प्लॉटवर चक्कर मारून आलो.
उद्या सहा डिसेंबर. सुलोचनाबाईनं उद्या नेसायचं नवं पांढरं लुगडं ताडपत्र्यांमधल्या मोकळ्या जागेत वाळत घातलंय. मला विचारलं नाही.
अजून पांढरं आहे. कुहीची गाडी यायची आहे.